सव्वीस तुकड्यांचा महाराष्ट्र

माझ्या लहानपणी अख्खा महाराष्ट्र पॅरीजच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात मावायचा. डबा हलवला की खुळखुळ वाजायचा. आम्ही मद्रासला, पेरंबूरजवळच्या आयसीएफ कॉलनीत राहायचो. आई-बाबा ज्याला ‘आपल्याकडे’ म्हणायचे ते ठिकाण दोन वर्षांतून एकदा, आगगाडी आणि मग एसटीचा प्रवास करून, पोटातलं पाणी हलल्यावर दिसायचं. एरवी ते या डब्यात असायचं. थ्री-प्लायचे सव्वीस तुकडे, प्रत्येकावर बाबांच्या बारीक अक्षरात जिल्ह्याचं नाव. सगळे जुळवले की जेवणाच्या पाटाहून थोडा लांब, दोन फुटांचा महाराष्ट्र जमिनीवर पसरायचा. चांदा जिल्हा मोठा, म्हणून तो आधी लावायचा. बृहन्मुंबई करंगळीच्या पेराएवढी, म्हणून ती सगळ्यांत शेवटी, आणि ती हरवू नये म्हणून आई तिला वेगळ्या काडेपेटीत ठेवायची.

बाबांचं गाव सावंतवाडीच्या बाजूचं. चितार आळीतले कारागीर लाकडी फळं आणि खेळणी रंगवताना बघत ते वाढले. इंटिग्रल कोच फॅक्टरी, म्हणजेच आयसीएफ, १९५५ मध्ये सुरू झाली आणि १९६२ मध्ये तिथे रेल्वेच्या डब्यांची आतली सजावट करणारा फर्निशिंग विभाग उघडला, तेव्हा बाबा मद्रासला आले. दिवसभर बाकं, फळ्या, पार्टिशनं यांत गेल्यावर माणसाला संध्याकाळी लाकडाकडे बघवणार नाही असं कुणालाही वाटेल. बाबांचं उलट होतं. कारखान्यातलं लाकूड मापाचं आणि घाईचं. घरी चहा झाला की ते स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या कडेला एक फळी क्लॅम्पने आवळत. तिच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच होती. मग खिळ्यावरून फ्रेटसॉ उतरे.

ज्यांनी फ्रेटसॉ बघितला नसेल त्यांना तो कसा दिसायचा ते सांगते. पोलादी पट्टीची, हातभर खोल, यू आकाराची चौकट. तिच्या दोन टोकांमध्ये पाच इंची पातं ताणलेलं, शिवणाच्या दोऱ्यापेक्षा फार जाड नाही. दात खालच्या बाजूला तोंड करून, म्हणजे हात खाली येताना कापतं. जाळीतल्या प्रत्येक भोकासाठी आधी छोटं छिद्र पाडायचं, पातं एका बाजूने सोडवायचं, छिद्रातून ओवायचं, चौकट छातीशी दाबून वाकवायची आणि पुन्हा आवळायचं. पन्नास भोकांची नक्षी असेल तर हे पन्नास वेळा. छिद्रासाठी बाबांकडे दोरी गुंडाळलेल्या कमानीने फिरवायचा सामता होता. गावच्या सुताराने तो त्यांना दिला होता.

माझं काम मेणबत्तीचं. पातं गरम होऊन अडखळायला लागलं की मी त्याच्यावर मेणबत्तीचा तुकडा घासायचा. पुढे माझ्या हातात चौकट आली तेव्हा बाबांनी दोनच गोष्टी सांगितल्या. करवत उभी ठेव आणि जागेवर ठेव, फिरवायचं ते लाकूड. आणि टोकदार कोपरा आला की पुढे ढकलू नकोस, तिथल्या तिथे हात वरखाली करत राहा, लाकूड आपोआप वळेल. यातली पहिली गोष्ट मला आठवड्यात जमली, दुसरीला वर्ष लागलं. ढकललं की ‘टण्’ असा आवाज यायचा आणि पातं गेलेलं असायचं. त्या आवाजाने आई आतून विचारायची, “कितवं?”

कारण पाती सहज मिळत नसत. ती डझनावर मिळायची, तारेने बांधलेली जुडी, आणि त्यासाठी लोकलने सेंट्रलला जावं लागायचं. बाबा मला घेऊन जायचे. सेंट्रल स्टेशनच्या एका अंगाला वॉलटॅक्स रोड, सगळी लाकडाची दुकानं. तिथल्या वखारीत बर्मा सागाच्या जुन्या तुळया उभ्या असायच्या आणि कोपऱ्यात प्लायवूडच्या तुकड्यांचा ढीग. चहाच्या खोक्यांचं पातळ प्लायही मिळायचं, त्याच्यावर कधीकधी मळ्याचा ठसा तसाच असायचा. बाबा तुकडा कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारत. आवाज फुटका आला तर आत थर सुटलेले आहेत. तो वास अजून माझ्या नाकात आहे. ओला भुसा, सरस, आणि बाहेर उभ्या असलेल्या बैलगाड्यांचा.

स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला मूर मार्केट. १९०० साली उघडलेली ती लाल विटांची, कमानींची इमारत. आत काय मिळत नसे? जुनी पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या, पोपट, घड्याळाची काटेचक्रं. बाबा थेट जुन्या मासिकांच्या गाळ्याशी. इंग्लंडमध्ये नॉर्फोक परगण्यातल्या डेरेहॅम गावी ‘हॉबीज’ नावाची कंपनी होती. ती १८९५ पासून त्याच नावाचं साप्ताहिक काढायची आणि त्यासोबत फ्रेटकामाच्या नक्षीचा मोठा घडीचा कागद द्यायची. कुणा गोऱ्या साहेबाने मद्रास सोडताना विकलेले ते अंक मूर मार्केटमध्ये पडलेले असत. अंक आणि घडीचा कागद दोन्ही एकत्र मिळणं हा भाग्ययोग. बहुतेक वेळा अंक असायचा आणि कागद नसायचा.

त्या कागदांवर काय होतं? चर्चच्या मनोऱ्यासारखी घड्याळं, पत्रं ठेवायच्या भिंतीवरच्या पेट्या, तंबाखूचे पाइप अडकवायच्या घडवंच्या. आमच्या घरात पाइप कोण ओढणार! बाबांनी त्या घडवंचीच्या खाचा रुंद केल्या आणि आईला पळ्या-झारे टांगायला दिली. तिच्या माथ्यावरची गॉथिक कमान तशीच राहिली. झाऱ्याच्या वर चर्चची कमान असलेलं स्वयंपाकघर आयसीएफ कॉलनीत आमचं एकच असणार.

आणि मग रायर मामा. खरं तर ही गोष्ट त्यांच्याशिवाय सांगताच येत नाही.

ते अयनावरमला राहायचे, बाबांच्याच कारखान्यात हिशेबनीस. व्यंकोजीराजांच्या मागोमाग सतराव्या शतकात दक्षिणेत आलेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचं घराणं. तंजावरकडच्या अशा मंडळींना तमिळ शेजारी ‘रायर’ म्हणतात, म्हणून आम्हा मुलांचे ते रायर मामा. त्यांच्या मराठीला तमिळ हेल होता आणि मध्येच असे शब्द यायचे की बाबा थबकून म्हणत, हा शब्द माझी आजी बोलायची. लिहिताना मामा तमिळ लिपीकडे वळायचे. तरी बाबांना भेटले की हट्टाने मराठीच बोलायचे, हळूहळू, शब्द जपून वापरत. त्यांच्या घराला रस्त्याकडे तोंड असलेली तिण्णै होती, आपल्याकडच्या ओटीसारखी. रविवारी सकाळी ती तिण्णै म्हणजे यांचा कारखाना. बाबा, मामा, आणि पॅटर्न शॉपमधले एक मल्याळी गृहस्थ. तिघं, चौकटी दोन.

दोन चौकटी हा सगळ्याचा पाया होता असं मला आता वाटतं. एकाची पाती संपली की दुसऱ्याकडून. एकाकडे सागाचा तुकडा पडलेला आहे, पण नक्षी नाही, दुसऱ्याकडे नक्षी आहे पण लाकूड पुरत नाही. झेरॉक्सचं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. नक्षी हवी असेल तर तयार झालेल्या कामावरच पातळ कागद ठेवायचा आणि वरून पेन्सिल आडवी धरून घासायची. भोकाच्या कडा उमटतात. मग तो कागद पिठाच्या खळीने नव्या लाकडावर चिकटवायचा. असं एकाचं दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तिसऱ्याकडे जाताना नक्षी बदलत जायची. बाबांनी इंग्रजी द्राक्षवेल कापली. मामांनी ती घासून घेतली, पानं थोडी लांबट झाली. मल्याळी काकांच्या हातून ती आली तेव्हा तिची नागवेल झालेली होती, आणि ती त्यांनी मामींना विड्याच्या तबकासाठी दिली. आज ते तबक मामींच्या सुनेकडे आहे. त्याच्याकडे बघून नॉर्फोक आठवणं कुणालाही शक्य नाही.

उसनं नेलेलं परत देताना भांडं रिकामं देऊ नये, ही आपल्याकडची रीत. मामींच्या घरीही तीच रीत होती, तीनशे वर्षं दूर राहून टिकलेली. ती त्या तिघांनी चौकटीलाही लावली. बाबांची चौकट मामांकडून परत यायची तेव्हा तिला दोऱ्याने काहीतरी बांधलेलं असायचं. एखादा लाकडी मासा, कोयरी, अर्ध्या तासात कापलेला हत्ती. आमच्या घरी तसे बारा-तेरा प्राणी जमले होते.

हे सगळं बाहेर मांडायची वेळ नवरात्रात यायची. मद्रासचा कोलू ज्यांनी पाहिला असेल त्यांना माहीत आहे, की विषम संख्येच्या पायऱ्या, पांढरं कापड, वर कलश आणि लाल लाकडाची मरपाची बोम्मै ही राजाराणीची जोडी, आणि मग देव, वाणी, लग्नाची वरात, सगळी मातीची बाहुली-मंडळी. पायऱ्यांच्या बाजूला मुलं बाग करतात. परातीत माती घालून नाचणी किंवा मोहरी पेरायची, आठवड्यात हिरवळ येते. त्या हिरवळीत आमचा फ्रेटकामाचा सगळा संसार असायचा. कुंपणं, पूल, स्टेशन, स्टेशनच्या छपराला झालर, आणि आयसीएफचा डबा, खिडक्यांना खऱ्यासारखे गज. संध्याकाळी बायका हळदीकुंकवाला आणि सुंडलला, म्हणजे उसळीच्या प्रसादाला, यायच्या, गाणी म्हणायच्या. त्यांचे नवरे मागे रेंगाळून वाकून बघायचे आणि हळूच विचारायचे, हे कोणत्या रंबमने, म्हणजे करवतीने, कापलंत? अशा रीतीने चौथा आणि पाचवा शौकीन मिळाला. आईचं मत असं की कोलू देवीसाठी असतो आणि या पुरुषांनी त्याचं प्रदर्शन केलंय. पण तिनेच बाबांना पूर्ण उंचीचं गोपुरम करायला लावलं, आणि त्यासाठी एका दिवाळीला साडी घेतली नाही.

नकाशाची कल्पना मात्र बाबांची एकट्याची. तुकडे जुळवायच्या कोड्यांचा जन्मही याच करवतीचा. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्याने लाकडाच्या फळीवर नकाशा डकवून देशांच्या सीमांवरून तो कापला, मुलांना भूगोल शिकवायला. बाबांना हे माहीत नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की मद्रासला जन्मलेल्या मुलीला नागपूर आणि कोल्हापूर यांच्यामध्ये काय आहे ते बोटांनी कळावं. आणि ते कळलं. मला अजून बुलढाणा म्हटलं की डोळ्यांसमोर आधी त्याचा आकार येतो. परभणीची कड हाताला खरखरीत लागायची कारण तिथे बाबांचं पातं तुटलं होतं आणि नव्या पात्याची वाट थोडी सरकली होती.

मग १९८१ आलं. कुलाब्याचं रायगड झालं, ते सोपं. नाव खोडून वर लिहिलं. पण १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, औरंगाबादेतून जालना निघाला. बाबांचं गाव सिंधुदुर्गात गेलं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. एका संध्याकाळी त्यांनी डबा काढला, रत्नागिरीचा लांबडा तुकडा वेगळा केला, वर्तमानपत्रातल्या नकाशावरून पेन्सिलीने रेघ मारली आणि फळी आवळली. पण बराच वेळ कापेचनात. मी मेणबत्ती घेऊन उभी. शेवटी म्हणाले, “तू काप.”

मी कापलं. चार-पाच मिनिटांचं काम. मग दोन्ही तुकडे जागेवर बसवले, तर त्यांच्यामध्ये बारीक फट. पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातंच, त्याला उपाय नाही. पहिल्या सव्वीस तुकड्यांत ती फट सगळीकडे सारखी होती म्हणून कधी जाणवली नव्हती. आता रत्नागिरीची बाकीची कड जुनी, गुळगुळीत झालेली, आणि ही नवी, पांढरी. बाबा नकाशाच्या मापाचा हिशेब करत बसले. राज्य पूर्व-पश्चिम सुमारे आठशे किलोमीटर, नकाशा दोन फूट, पातं अर्धा मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ पाऊण किलोमीटर जमीन टेबलाखाली पडली. त्यांनी तो भुसा केराच्या सुपात झाडला नाही, हाताने गोळा करून तुळशीच्या कुंडीत टाकला.

पुढच्या वर्षी लातूर आणि गडचिरोली. तेव्हा त्यांनी स्वतः कापलं.

मामांकडेही एक नकाशा होता, तमिळनाडूचा. मद्रास राज्याचं नाव १९६९ मध्ये तमिळनाडू झालं त्या सुमाराला त्यांनी तो केला. सगळे जिल्हे प्लायचे, फक्त तंजावर सागाचं, गावाकडच्या घराच्या मोडलेल्या दाराचं. १९९१ मध्ये तंजावरमधून नागपट्टिणम निघालं तेव्हा मामा बाबांकडे आले. दोन म्हातारे त्या सागाच्या तुकड्यासमोर बसलेले मला आठवतात. सागाची नस आडवी होती आणि रेघ तिरपी, चिरण्याचा धोका. बाबांनी तुकड्याच्या खाली जाड कागद चिकटवला आणि कापून दिलं. एक कपची उडाली नाही.

मूर मार्केट १९८५ च्या मे महिन्यात जळालं. बाबा दुसऱ्या दिवशी बघून आले आणि त्यांनी दोन दिवस चौकटीला हात लावला नाही. त्या जागी पुढे रेल्वेची इमारत झाली, जिच्यातून आता लोकल सुटतात. १९९५ मध्ये बाबा गेले. मद्रासचं चेन्नई झालं ते पुढच्या वर्षी. त्यांच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नाही.

आज माझ्याकडे विजेवर चालणारा स्क्रोल सॉ आहे, सोळा इंची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहिल्या पैशांतून घेतला. वरखाली होणारे दोन समांतर दांडे, मध्ये पातं. मिनिटाला चारशेपासून सोळाशेपर्यंत फेऱ्या, बटण फिरवून कमी-जास्त. भुसा उडवायला फुंकणी, वर दिवा, पायाखाली बंद-चालू करायची पट्टी. दोन्ही हात लाकडावर राहतात आणि करवत उभीच असते, त्यामुळे बाबांनी सांगितलेली पहिली गोष्ट यंत्राने सांभाळली. दुसरी अजून माझ्याकडेच आहे, यंत्रातही कोपऱ्यावर ढकललं की टण्. आणि एक गोष्ट पहिल्या दिवशी कळली तेव्हा मी खुर्चीत बसूनच राहिले. बाबांच्या तारेने बांधलेल्या जुडीतली पाती या यंत्रात बसतात. पाच इंच तेव्हाही, पाच इंच आताही. तीस वर्षं तेलकट कागदात राहिली म्हणून चेन्नईच्या दमट हवेत गंजली नव्हती.

खळ गेली. आता नक्षी छापून काढायची, लाकडावर चिकटपट्टी लावायची, तिच्यावर कागद. चिकटपट्टी पात्याला गुळगुळीतपणा देते, म्हणजे मेणबत्तीचं काम तिने घेतलं. मेणबत्ती धरणारी मुलगी लागत नाही. घरात दुसरं कुणी जागं असायचीही गरज नाही. जगातल्या कुठल्याही माणसाने आखलेली नक्षी दोन मिनिटांत माझ्या टेबलावर येते, आणि त्याच्या टेबलावर होती तशीच येते, एक पान लांबट न होता.

यातलं बरंच मला मनापासून आवडतं. माझे डोळे साठीचे आहेत, दिव्याशिवाय आणि भिंगाशिवाय मी रेघ पाळू शकले नसते. तोंडावर मास्क लावायला आम्ही शिकलो, बाबांना तो खोकला कशाने होता हे आता मला कळतं. आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे त्या तिण्णैवर मी एकटी मुलगी होते, तीही मेणबत्तीपुरती. आता रविवारी अड्यारला एका मैत्रिणीच्या गच्चीवर आम्ही जमतो, त्यांत निम्म्या बायका. एक दंतवैद्य आहेत, त्यांचा हात असा स्थिर की त्यांनी कापलेली मोराची पिसं मोजून घ्यावीत. एक कॉलेजातली मुलगी आहे, ती सिक्कु कोलम लाकडात कापते.

त्या कोलमबद्दल थांबून सांगायला हवं. ठिपक्यांभोवती न तुटता फिरणारी एकच रेघ, असा तो कोलम. मामींनी मला तो उंबऱ्यावर शिकवला होता, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची बहीण. पिठाची रेघ ओढायची म्हणजे रेघ घालायची. लाकडात हे उलटं होतं. रेघच कापली तर आतली सगळी घरं सुटून खाली पडतात. म्हणून लाकडात रेघ ठेवायची आणि घरं काढायची. जिथे रेघ रेघेला ओलांडते तिथे दोन्ही एक होऊन जातात, आणि सगळा डोलारा त्या जोडांवर उभा राहतो. त्या मुलीचे पहिले तीन कोलम तिथेच मोडले. चौथ्या वेळी मी तिला सांगितलं, जोडापाशी रेघ केसभर रुंद ठेव. टिकलं. हे तिला आलेल्या नक्षीच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

तिचं लाकूड मी दिलं होतं. १२ डिसेंबर २०१६ ला वरदा वादळाने या शहरातली हजारो झाडं पाडली. आमच्या रस्त्यावरचं पर्जन्यवृक्षाचं झाड पडलं, ज्याला तमिळमध्ये ‘तूंगुमूंजी’ म्हणतात, झोपाळू तोंडाचं, कारण संध्याकाळी पानं मिटतं. महापालिकेच्या माणसांनी ओंडके केले, एक मी मागून घेतला आणि वॉलटॅक्स रोडला नेऊन पातळ फळ्या काढून आणल्या. तिथे आता बर्मा सागाच्या तुळया कमी आणि सनमायकाचे कॅटलॉग जास्त. पण म्हाताऱ्या कारागिराने फळी घेतली, कानाजवळ नेली आणि टिचकी मारली. इंचाला एक वर्ष वाळवायचं या हिशेबाने जिन्याखाली ठेवली. आत चॉकलेटी गाभा, बाहेर फिकट पिवळी कड. एका फळीत दोन रंग.

आणि लेसर. मैलापूरच्या नॉर्थ माडा स्ट्रीटला कोलूच्या दिवसांत आता मातीच्या बाहुल्यांशेजारी लेसरने कापलेली एमडीएफची गोपुरं मिळतात, घडी होऊन पिशवीत बसणारी. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून गणपतीची मखरंही तशी येतात, आणि ते चांगलंच झालं. पुण्याच्या माझ्या भाच्याने मखराचा आराखडा मागितला. मी आखून पाठवला, त्याने लेसरवाल्याकडून कापून घेतला, तासाभरात. सुबक आहे. पण लेसर लाकूड जाळत जातो, कड काळी होते, आणि त्याला नस कळत नाही. करवतीला कळते. नसेच्या बाजूने गेलं की पातं स्वतःहून पळायला लागतं आणि आपण त्याला धरून ठेवतो, आडवं गेलं की ते कुरकुरतं. ती कुरकुर बोटांत येते. माझ्यासाठी हा छंद तिथे आहे, आणि भाच्याच्या मखराची मी कितीही कौतुकं केली तरी त्याच्या कडेवरून बोट फिरवताना मला काही ऐकू आलं नाही.

२०१२ मध्ये चेन्नईत रोज दोन तास वीज जायची. त्या दोन तासांत मी भिंतीवरची बाबांची चौकट काढायचे. तेव्हापासून ती पुन्हा हातात राहिली.

नकाशाचा डबा माझ्या कोट्टूरपुरमच्या घरात तळमजल्यावर होता. डिसेंबर २०१५ च्या पुरात अड्यार नदी आत आली, तो पाण्याखाली दोन दिवस. जुन्या सरसाने जोडलेलं प्लाय फुगलं, थर सुटले, काडेपेटीचा लगदा झाला आणि बृहन्मुंबई गेली. बाकीचे तुकडे मी सावलीत वाळवले, थरांमध्ये फेव्हिकॉल भरला, क्लॅम्प लावून एकेक जिल्हा रात्रभर दाबून ठेवला. रोज एक, महिनाभर. अक्षरं पुसट झाली पण गेली नाहीत, बाबा कॉपिंग पेन्सिल वापरायचे.

मग राहिलेलं काम केलं. अकोल्यातून वाशिम, धुळ्यातून नंदुरबार, परभणीतून हिंगोली, भंडाऱ्यातून गोंदिया. ठाण्यातून पालघर. मुंबई नव्याने, वाळलेल्या पर्जन्यवृक्षाच्या फळीतून, शहर पिवळ्या कडेतून आणि उपनगर चॉकलेटी गाभ्यातून. छत्तीस तुकडे झाले. जिथे नाव बदललं तिथे पुढे बाबांचं अक्षर ठेवलं आणि मागे नवं लिहिलं. नकाशा आता थोडा सैल आहे. उचलला की मराठवाडा सरकतो. माझ्या नातवाला तो जुळवायला उलट सोपा जातो.

मामांच्या मुलाने विचारलं, तंजावरचं काय? त्या सागाच्या तुकड्यातून निघालेल्या नागपट्टिणममधून १९९७ मध्ये तिरुवारूर निघालं, आणि २०२० मध्ये मयिलादुतुरै. दोन्ही मी कापून दिले, यंत्रावर, बाबांच्या जुडीतल्या पात्याने, खाली जाड कागद लावून.

दंतवैद्यांच्या मुलाला, तो आठ वर्षांचा आहे, यंत्राला हात लावायला मनाई आहे. त्यांनी मला हाताची चौकट मागितली. बाजारात नवी मिळते हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मी बाबांचीच दिली, सहा पाती वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि परत देताना ती रिकामी द्यायची नाही एवढं सांगितलं. गेल्या रविवारी ती परत आली. सहाही पाती तुटलेली होती. चौकटीला लाल दोऱ्याने एक मासा बांधलेला होता, पोट फार मोठं, डोळ्याचं भोक जवळजवळ कडेला आलेलं. शेपटी मोडून डिंकाने जोडली होती आणि डिंक अजून ओला होता.